भामचंद्राच्या पायथ्याशी

मला उंचीची भीती आहे हे लग्न होऊन दोन मुलं होईपर्यंत मला माहीतच नव्हतं, कारण आमच्याकडं उंचीच नव्हती. बार्शीकडचा आमचा मुलूख सपाट. गावात सगळ्यात उंच काय, तर घरांची माळवदं. त्या मातीच्या छपरांवर उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला आम्हा मुलींना पाठवत. बाकीच्या कडेला बसून पाय खाली सोडायच्या. मी मधोमध बसायची. आईला वाटायचं, पोरगी राखणीला चांगली आहे, जागची हलत नाही.

मग आमच्या यांना पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही चिंचवडात आलो. गावठाणात दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गावीच वारल्या होत्या. हे सहा दिवस बंद खिडक्यांच्या खात्यात नाकाला फडकं बांधून काम करायचे आणि सायकलवरून घरी येताना पश्चिमेच्या डोंगरांकडं बघत यायचे. डोंगर त्यांनीही आधी पाहिले नव्हते. पण मला ते जितके परके वाटायचे, तितकी त्यांना त्यांची भूल पडली. रविवार उजाडला की, "चला, आज बाहेर पडू."

पहिल्यांदा कार्ल्याला गेलो. चिंचवडला आगगाडीत बसून मळवलीला उतरलो, तिथून चालत. चढताना मी समोरच्या पायरीकडंच बघत होते, त्यामुळं काही झालं नाही. लेणी बघितली, देवीला नारळ फोडला, दशम्या खाल्ल्या. उतरायला म्हणून वळले आणि सगळं खोरं एकदम पायाखाली आलं.

लोक म्हणतात, उंचावर चक्कर येते. मला चक्कर येत नाही. माझ्या तळपायांना मुंग्या येतात, गुडघ्यांतला जोर कुणी काढून घेतल्यासारखा होतो आणि वाटतं, खालची मोकळी जागा मला ओढते आहे. आता माझं अंग मला न विचारता तिकडं जाईल. मी तिथंच एका दगडाला मिठी मारून बसले. शेवटी यांनी एक दंड धरला, एका अनोळखी माणसानं दुसरा, आणि पोलिसांनी चोराला न्यावं तसं मला खाली आणलं. वर चढणारी माणसं थांबून बघत होती. मुलगा तोंडावर हात ठेवून हसत होता.

गाडीत हे म्हणाले, "चांगल्या दगडी पायऱ्या होत्या. एवढं काय झालं तुला?"

काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून ठरून गेलं की मी डोंगर चढायचा नाही. पायथ्याशी बसायचं, शिदोरी सांभाळायची. मामंजींचे गुडघे धरलेले, तेही खालीच थांबायचे. आम्ही दोघं एका झाडाखाली, पण मध्ये चार हातांचं अंतर. ते माझ्याशी थेट बोलत नसत. पाणी हवं असलं की झाडाकडं बघून म्हणायचे, "पाणी हाय का बघावं." मी डोक्यावरचा पदर सारखा करून तांब्या सरकवायची. एवढंच आमचं बोलणं.

आता माझी सुटका झाली, असं यांना वाटत होतं. मला मात्र खाली बसणं चढण्यापेक्षा वाईट जायचं. वर असताना भीती आपल्या एकटीची असते. खाली बसलं की तीन जिवांची होते. मुलगा कडेला गेला असेल का? यांचं बोलण्यात लक्ष असेल, पोरीचा हात सुटला असेल का? डोंगरावर हलणाऱ्या प्रत्येक ठिपक्यावर माझे डोळे खिळलेले असायचे. ती खाली येईपर्यंत मी घोटभर पाणीसुद्धा पीत नसे.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर यांच्या खात्यातल्या एका माणसानं आम्हाला गावी बोलावलं. तो निघोजे गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, घरची शेती सांभाळून रोज सायकलनं कामाला येणारा. "वैनींना आन् पोरांना घिऊन या, राव. भामचंद्राच्या डोंगरावर जाऊ. गाडी-बैल घरचंच हायती," असं त्यानं यांना सांगितलं. शनिवारी दुपारी त्याची बैलगाडी आम्हाला न्यायला चिंचवडला आली. रात्री त्याच्या घरी पिठलं-भाकरी झाली आणि रविवारी सकाळी आम्ही निघालो.

गाडीत मी त्याला विचारलं, "वर वाट कशी आहे, भाऊ?"

"चांगली हाय की. वरल्या अंगाला कड्यात गुहा हाय, देवाची. तिथवर जरा अरुंद हाय. पर आमी ल्हानपणी ढोरं सोडून पळत जायचो."

अरुंद म्हणजे किती अरुंद, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. हे मला हसतील असं वाटलं. मुलीला मी लाल परकर नेसवला होता. मुद्दामच. लांबून ओळखू यावी म्हणून.

पायथ्याला आंब्याखाली बैल सोडले. हे, तो निघोज्याचा भाऊ आणि दोन्ही मुलं निघाली. मुलीनं जाताना मागं वळून बघितलं. आई का येत नाही, हे तिला अजून कळत नव्हतं. वाळलेल्या गवतातून चार ठिपके वर सरकत गेले. लाल ठिपका मध्ये होता. मग वाट डोंगराला वळसा घालून काळ्या कातळाच्या कड्यावर आली. तिथं कड्याच्या पोटात एक बारीक रेघ दिसत होती. त्या रेघेवरून ती चौघं चालली आणि एकेक करून कातळात दिसेनाशी झाली. गुहा तिथंच असणार.

मी वाट बघू लागले. बैल कडबा चघळत होते. मामंजींनी पानाची चंची उघडली, मिटली. ऊन डोक्यावर आलं. देवदर्शनाला असा कितीसा वेळ लागतो? मी मनाशी म्हटलं, मुलं खेळत असतील, आत गारवा असेल, बसली असतील. मग आंब्याची सावली बैलांच्या अंगावरून सरकून पलीकडं गेली आणि माझं समजावणं संपलं.

तेवढ्यात रेघेवर माणसं दिसली. मी उठून उभी राहिले. दोन मोठी, एक लहान. ती थोडी पुढं आली, थांबली, परत मागं गेली. एक जण खाली बसला. पुन्हा उठला. लाल कुठंच नव्हतं.

मी डोळे चोळून परत मोजलं. तीनच.

मी यांना हाक मारली. नवऱ्याला चारचौघांत हाक मारायची नाही, हे त्या वेळी डोक्यातच नव्हतं. आवाज काही वरपर्यंत पोचला नाही. मागून मामंजींचा आवाज आला. या वेळी ते झाडाशी बोलत नव्हते.

"किती दिसत्यात?"

"तीन."

"पोरगी?"

"दिसत नाही, मामा."

त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. काठी टेकून ते उठले, दोन पावलं गेले आणि गुडघ्याला हात लावून थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तू जा. माझ्यानं हुनार न्हाई."

मी निघाले. त्या वाटेचं मला फारसं आठवत नाही. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला आठवतो, पायाखाली घसरणारा मुरूम आठवतो, आणि तोंडात रक्ताची चव, कारण मी ओठ चावून धरला होता. देवाचं नाव घेत गेले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी देवाशी भांडत होते. मलाच बोलवायचं होतं तर मला बोलवायचं, पोरीला कशाला, असं काहीतरी.

वळसा घेऊन कड्याशी आले आणि पाय थांबले. डाव्या हाताला कातळ, पायाखाली दोन पावलांची वाट, आणि उजव्या हाताला काहीच नाही. पार खाली शेतं, आणि त्यांत आमची गाडी काडेपेटीएवढी. पुढं वीसेक हातांवर, गुहेच्या तोंडाशी हे उभे होते. चेहरा घामानं ओला. मला बघून त्यांचा विश्वास बसेना.

"तू? तू कशी आलीस?"

"पोरगी कुठंय?"

"आत आहे. काही झालेलं नाही तिला. बाहेर यायला तयार नाही. जाताना नाचत गेली, आणि येताना खाली बघितलं तिनं. तासभर झाला, आतला खांब सोडत नाही."

"उचलून का नाही आणलंत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. निघोज्याचा भाऊच म्हणाला, "उचलली हुती, वैनी. लई झटापट केली तिनं. यांचा पाय सरकला. थोडक्यात निभावलं. आता आमचाबी धीर हुईना."

मुलगा कातळाला पाठ लावून उभा होता. आज तो हसत नव्हता.

उभ्यानं ती वाट मला जमली नसती. मी खाली बसले, मग हातागुडघ्यांवर आले. डावा खांदा कातळाला घासत, डोळे फक्त पुढच्या वीतभर दगडावर ठेवून रांगत गेले. तळपायांच्या मुंग्या मांड्यांपर्यंत चढल्या. उजव्या बाजूनं वारा येत होता, आणि तो वारा नसून कुणाचा तरी हात आहे असं मला प्रत्येक क्षणाला वाटत होतं. एकदा मी थांबले. किती वेळ, ठाऊक नाही. माझ्या नाकाजवळून एक मुंगळा कड्याच्या बाहेर गेला आणि कातळाखाली दिसेनासा झाला. आता पुढंही नाही आणि मागंही नाही, इथंच मरायचं, असं वाटलं. आतून मुलीचं मुसमुसणं ऐकू आलं, तेव्हा हात आपोआप पुढं पडला.

गुहेत गार अंधार होता. ती खांबाला दोन्ही हातांनी विळखा घालून बसली होती. मला बघून तिनं खांब सोडला नाही, नुसतं तोंड वळवलं.

"आई, ती खालची जागा मला ओढते."

हे शब्द मी कधी कुणापुढं उच्चारले नव्हते. यांच्यापुढंही नाही. रंग माझा, केस माझे, आणि हेही मीच दिलं का हिला? काही होत नाही, घाबरू नकोस, असं म्हणणं माझ्या तोंडून खोटं ठरलं असतं.

"मला पण ओढते," मी म्हणाले. "म्हणून मी रांगत आले. बघ, माझे गुडघे फुटलेत."

तिनं माझे गुडघे नीट बघितले. मग विचारलं, "रांगत असलं तरी ओढते?"

"ओढते. पण कमी."

तिनं खांब सोडला. मी तिच्या परकराचा काठ माझ्या मुठीत गुंडाळून घेतला. ती पुढं, मी मागं, अशा आम्ही बाहेर आलो. हे तिला धरायला कड्याच्या बाजूनं पुढं झाले आणि माझा तोल गेला, म्हणजे पायाचा नाही, डोक्याचा.

"तुम्ही आधी कडेवरनं बाजूला व्हा!" मी ओरडले. परक्या माणसासमोर यांच्यावर मी पहिल्यांदाच ओरडले असेन. "कातळाला टेका! हलू नका!"

हे मुकाट्यानं कातळाला टेकले. आम्ही दोघी त्यांच्या पायांजवळून रांगत गेलो. कडा संपला तरी आम्ही उठलो नाही. गवताच्या उतारावरून बसून सरकत आलो. लुगडं मागून फाटलं, मुलीच्या परकराची तर चिंधी झाली. मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

मामंजी अर्ध्या चढापर्यंत आले होते. कसे आले, त्यांनाच माहीत. काठीवर भार टाकून, एकेकाकडं बोट करून ते मोजत होते. "एक... दोन... तीन..." पाचव्या बोटाला मी होते. मग ते मटकन खाली बसले.

गाडीशी आल्यावर मला उलटी झाली. हात सगळा आठवडा कापत राहिले. कोणी विचारलं तर मी हिवताप आला म्हणून सांगत असे.

गुरुवारी की शुक्रवारी, जेवताना यांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "तुला वर गेल्यावर नेमकं होतं तरी काय?" इतक्या दिवसांत त्यांनी "एवढं काय झालं" असंच विचारलं होतं. नेमकं काय, हे पहिल्यांदाच. मी सांगितलं. मामंजीही ओट्यावर बसून ऐकत होते. यांना ते ओढणं कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ज्याला ते होत नाही त्याला कळत नसावं.

फिरणं काही थांबलं नाही. त्यांना ते सोडवत नव्हतं, आणि मुलांना घरी ठेवून मलाही सुख नव्हतं. माझी भीती गेली नाही, मुलीचीही नाही. मुलगा मोठा होऊन एकटा डोंगर चढू लागला, तेव्हा तर ती नव्यानं सुरू झाली.

पण एक बदललं. कुठंही जायचं म्हटलं की हे आधी माहितगार माणसाला गाठायचे आणि खोदून खोदून विचारायचे, वाट किती रुंद आहे, वर कठडा आहे का, पायऱ्या उतरताना दरी कुठल्या हाताला येते. मळवली स्टेशनावर एकदा एक हमाल हसून म्हणाला, "साहेब, तुमी एवढं भ्यायलाव तर जाता कशाला?"

मी बाजूलाच उभी होते. हे माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"भीती वाटते खरी," ते हमालाला म्हणाले. "म्हणून तर विचारतोय. सांगा, कठडा आहे का?"