गळवाले मामा

होडीचा आवाज आला की मामा मान वर न करता डावा तळहात उचलायचे आणि हवेतच दोनदा खाली दाबायचे. "दमानं की पावणं! पानी काय पळून चाललंय व्हय?"

सहा वर्षं रोज तोंड बघूनही मी त्यांच्या लेखी पाहुणाच. पंचगंगेच्या घाटावरून मी लोकांना इंजिनच्या होडीतून फिरवतो. मामा त्याच घाटाच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसायचे. उभा जन्म इचलकरंजीला कापडाच्या मागावर गेलेला. काम सुटलं तसे कोल्हापूरला लेकाकडं आले, आणि दुसऱ्या दिवशीच भाकरी बांधून नदीवर! काठी नाही, रीळ नाही. नुसती तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गळ. दोरी अंगठ्याशेजारच्या बोटावरून सोडलेली. "मागावर धागा तुटला की हिथं कळायचं," बोट पुढं करून ते सांगायचे, "मासा तर केवढा धडधाकट जीव."

तुम्ही नदीकाठी बसणारे असाल तर गळवाल्यांचं आणि होडीवाल्यांचं सख्य तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या घाटावर रीत एवढीच होती: होडीवाल्यानं निघताना शिट्टी मारायची, मधल्या धारेतून जायचं, गळवाल्यांसमोर इंजिन हळू करायचं. त्यांनीही अर्ध्या पात्रापलीकडं दोरी फेकायची नाही. ही रीत मामांनीच सगळ्यांना समजावून, कधी भांडून घालून दिलेली. मला ती खुपायची. नदी काय यांच्या बापाची? गिऱ्हाइकाला वेग लागतो, अंगावर पाणी उडालेलं लागतं. दमानं गेलं की पोरं कंटाळतात.

एका दिवाळीच्या सुट्टीत आमचं वाजलंच. मी होडीतूनच ओरडलो, "दोरी आवरा मामा. माणसं फिरायला आल्यात, तुमचा मासा बघायला न्हाय!"

ते उठून उभे राहिले. "मग पाटी लाव की घाटावर, नदी माझी हाय म्हणून!"

काठावरचे सगळे हसले. माझ्या होडीतलेही हसले. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याकडचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन लहान मुली आणि त्यांची आजी. मी शिट्टी मारली नाही. मुद्दाम काठाला घासून, पूर्ण वेगानं मामांच्या समोरून होडी काढली. खोटं कशाला सांगू, त्यांची दोरी तुटावी असंच माझ्या मनात होतं.

दोरी तुटली नाही. ती इंजिनच्या पंख्यात गुंडाळली गेली आणि इंजिन बंद पडलं.

आदल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसानं नदी फुगलेली. खालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवलेले, त्यामुळं मोकळ्या गाळ्यांतून पाणी उसळत पळत होतं. आमची होडी त्याच ओढीला लागली. वल्ही घाटावर होती. इंजिन असताना ती अडगळ कशाला, म्हणून मीच सकाळी काढून ठेवलेली. मागं वाकून पंख्यातला तंगूस नखांनी ओरबाडत होतो, पण तो रुतून बसलेला.

"काय झालं हो?" नवऱ्यानं विचारलं.

"काय न्हाय. हलू नका, बसून ऱ्हावा."

धाकटी मुलगी आजीच्या पदरात शिरली. थोड्याच वेळात बंधाऱ्याच्या आवाजात तिचं रडणंही ऐकू येईनासं झालं.

काठानं मामा पळत होते. लुंगी वर खोचलेली, हातात दुसरी दोरी. पुढं एकजण म्हशी धूत होता. त्याच्यावर ओरडले, "नाडा सोड! म्हशीचा नाडा आण हिकडं!" आणि होडी समोर येताच शिसं गरगरा फिरवून फेकलं. पहिल्यांदा ते पाण्यात पडलं. दुसऱ्यांदा माझ्या खांद्यावरून पलीकडं गेलं आणि तंगूस माझ्या हाताला लागला.

तंगुसानं होडी थांबत नसते. त्याच्या मागच्या टोकाला म्हशीचा जाड नाडा बांधायचा आणि मग मी तो होडीत ओढून घ्यायचा, असा त्यांचा हिशेब होता. पण गाठ मारायला वेळ लागतो आणि होडीला दम नव्हता. दोरी सरसर निघाली. तेव्हा मामांनी ती अंगठ्याशेजारच्या त्याच बोटाला वेढा देऊन धरली. म्हशीवाला गाठ मारेपर्यंत काठावरून फरफटत आले, पण सोडली नाही. त्यांच्या सदऱ्याची बाही लाल झालेली मला होडीतून दिसत होती.

"वड आता! वड की!"

नाडा हातात आला तो मी होडीच्या कडीला बांधला. म्हशीवाल्यानं दुसरं टोक बाभळीला गुंडाळलं. होडी हिसका खाऊन वळली आणि काठाच्या चिखलात घुसली. बंधारा तिथून तीस पावलांवर होता. आजी उतरल्या त्या सरळ मामांच्या पाया पडायला वाकल्या. मी मात्र होडीतच कडी धरून बसलेलो.

मामा माझ्याजवळ आले. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायलाच हवी होती.

"शिट्टी हरवली व्हय रं?" एवढंच म्हणाले.

बोट वाचलं, पण आतली शीर तुटली होती. जखम भरल्यावर त्यांनी पुन्हा दोरी टाकली. तीन-चार दिवस नुसतं पाण्याकडं बघत बसले. मग एकदा मी जवळून जाताना म्हणाले, "मासा कळंना झालाय मला."

त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मी शहरातून मासा लागला की वाजणारं घुंगरू लावलेली काठी आणून दिली. त्यांनी माझं मन राखायला आठवडाभर वापरली आणि पुसून परत केली. "घुंगरानं सांगायचं आणि मी वडायचं. ह्यात माझं काय ऱ्हायलं?" म्हातारपणी त्या माणसाला एकच सुख होतं आणि ते मी माझ्या डोक्यातल्या रागापायी घालवलं. हे मी कुणाला बोललो नाही, आज तुम्हाला सांगतोय.

तरी ते येत राहिले. रिकाम्या हातानं बसायचे, नव्या गळवाल्यांना दोरी कुठवर टाकायची ते सांगायचे, माझ्या होडीत वल्ही आहेत का ते रोज वाकून बघायचे. कधी भाकरी अर्धी करून द्यायचे. ती भाकरी मला गिळवायची नाही, पण नको म्हणायची हिंमत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रक्षा घेऊन घाटावर आला. "तुमच्याच होडीतनं सोडायची, असं वडील सांगून गेलेत," तो म्हणाला. मी इंजिन उतरवून ठेवलं आणि वल्ही घेतली.

घाटाच्या खालच्या अंगाला आठ-नऊ गळवाले बसलेले होते. होडी निघाली तसा पहिला उठला आणि त्यानं आपली दोरी ओढून घेतली. मग दुसरा उठला. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. मी वल्हं मारत राहिलो, मुलगा मडकं मांडीवर धरून बसलेला, आणि पार बंधाऱ्यापर्यंत पाण्यात एकही दोरी नव्हती.