चंद्रप्रभामावशीच्या उपाशी गोगलगायी

माझ्या चंद्रप्रभामावशीच्या घरी कोणी उपाशी राहणं हा गुन्हा आहे. दिल्लीत द्वारकेतल्या तिच्या फ्लॅटमध्ये फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूसही पोहे खाल्ल्याशिवाय सुटत नाही. पण जे काही खायचं ते शुद्ध शाकाहारी. अंडं घातलेला केक मी तिच्या जिन्यात उभी राहून खाल्लेला आहे.

अशा घरात हरिदासकाकांनी समुद्र आणला. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक पार्कात चालायला जातात. काकांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. दिल्लीत समुद्र कशाला, असं विचारायची सोय नव्हती. ते बादलीभर खास मीठ आणत, फिल्टरच्या पाण्यात विरघळवत आणि थर्मामीटर धरून बसत. आत थोडं प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि तळाच्या रेतीत डझनभर गोगलगायी. माशांचं उरलंसुरलं खाऊन तळ साफ ठेवायचा, हे गोगलगायींचं काम. काका त्यांना ‘माझा स्टाफ’ म्हणत.

हा स्टाफ दिवसभर रेतीत गाडून घेऊन पडलेला असायचा, वर फक्त सोंडेसारखी नळी. खाण्याचा वास आला तरच बाहेर यायचं.

“अगदी तुमच्याच ऑफिसातले वाटतात,” मावशी म्हणायची.

पण मावशीच्या राज्यात उरलंसुरलं येणार कुठून? हॉल म्हणजे उकिरडा नव्हे, असं म्हणत ती काकांकडून रोज रेतीतला गाळ नळीने उपसून घ्यायची. माशांना शेवाळाच्या गोळ्या, त्याही मोजून. तळाशी कण उरेना आणि स्टाफ एकेक करून मरू लागला. काकांनी उकडलेलं सोयाबीन घालून पाहिलं, मावशीने पनीर घालून पाहिलं. पनीरला नाही म्हणणारं कोणी मी दिल्लीत पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी मावशीने बजावलं, “आता आणखी एक मेली की ही टाकी घराबाहेर. बिल्कुल चालणार नाही मला.”

तेव्हा सातच उरल्या होत्या. पुढच्याच रविवारी मी गेले तर एकही सोंड वर नव्हती. काका टाकीसमोर स्टूल टाकून बसलेले, ताटावर यायला तयार नाहीत. दोनदा हाक मारूनही ते उठेनात, तेव्हा मावशीचा चेहरा पडला. नवरा जेवत नाही, हे तिला खरंच सोसत नाही. ती टाकीपाशी आली. रेतीवर पनीरचा तुकडा तसाच पडला होता. तिने सरळ हात जोडले.

पिंडाला कावळा शिवेना झाला की गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून आपण शब्द देतो ना, तसे मावशी गोगलगायींना शब्द देऊ लागली.

“यांना मी टाकीवरून टोमणे मारणार नाही.”

रेती ढिम्म.

“रोज रेती उपसायला लावणार नाही.”

काही नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “अगं, त्या जिवंत असतील अजून!”

“म्हणून तर आत्ताच विचारतेय!”

काकांना राहवेना. “त्यांना कोळंबी हवीय,” ते रेतीकडे बघत म्हणाले. “मांस खातात त्या. दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते आमचे काका. मला वाटलं, आता टाकी आणि काका दोघंही बाल्कनीत.

“म्हणजे इतके दिवस माझ्या घरात जीव उपाशी होते?” मावशी काकांकडे वळली. “आणि मी त्यांना पनीर वाढत होते? अहो, बोलायचं नाही का?”

“तुला चाललं नसतं.”

“मला कुठे खायचीय? चप्पल कुठेय माझी?”

त्या बाईने जन्मात मासळीचं दुकान पाहिलं नव्हतं. नाकाला ओढणी लावून ती थेट गल्ल्यापाशी गेली. “भैया, झींगा एकदम ताज़ा देना. घरवालों के लिए है.”

“बिरयानी बनाओगी, आंटी?”

“नहीं, वो लोग कच्चा ही खाते हैं.”

भैयाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बर्फ बघत राहिले.

घरी काकांनी सोलून, धुऊन नखाएवढे तुकडे केले. मावशीने ओढणी न सोडता चिमट्याने पहिला तुकडा पाण्यात सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग रेती हलली. एक सोंड आली, दुसरी आली, आणि चहूकडून गोगलगायी रेती उधळत बाहेर पडल्या, सातच्या सात, एकमेकींच्या पाठीवरून तुकड्याकडे धावत. गोगलगायी धावतात, हे मला ठाऊक नव्हतं. काका तर चक्क रडत होते.

मावशीच्या नाकावरची ओढणी कधी गळून पडली, ते तिलाही कळलं नाही. पंगतीत वाढताना वाकते तशी ती काचेपाशी वाकली, दुसरा तुकडा सोडला आणि हळूच म्हणाली, “सावकाश होऊ द्या.”