तांडेलकाकांची बिनकामाची होडी

समुद्रावर तांडेलकाकांना निर्णय घ्यायला क्षणही लागत नसे. जमिनीवर मात्र दोन सारख्या वांग्यांतलं एक उचलायला त्यांची अर्धी सकाळ जाई. तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे म्होरके, आमच्या करावे गावात पुष्कळ होते. वांग्यांपुढे हात टेकणारे हे एकटेच.

साठी उलटल्यावर त्यांनी होडी मुलाच्या हाती दिली आणि नुसतं हिंडायला मोटरबोट घ्यायचं काढलं. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. खरं कारण काकी होती. तिने जन्मभर मासे विकले आणि होडीत बसली तीही माशांची पाटी घेऊनच. तिला एकदा मोकळ्या हातांनी घारापुरीला जायचं होतं. पण तिची नजर हळूहळू जात होती, त्यावर इलाज नव्हता, आणि काय बघायचं ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

उरणला एका शेटजींकडे दोन बोटी होत्या. सुतार एकच, लांबी एकच, यंत्रही एकाच जातीचं. शेटजींना त्यांतली एक विकायची होती, कुठलीही. हे ‘कुठलीही’ काकांच्या मुळावर आलं. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून ते मला नेत, आणि माझं मत एकदाही विचारत नसत.

त्यांची बोट बघण्याची रीत एकच. जाळं कुठे रचायचं? बर्फ कुठे मावणार? ही बोट फक्त सहलीची आहे, असं शेटजींनी समजावलं. काकांनी ते पटल्यासारखी मान हलवली आणि पकडलेलं म्हावरं कुठे ठेवायचं ते विचारलं. एका बोटीत सुकाणाकडे तोंड करून बसायची एक फळी होती. ती उपटली तर जाळं राहील, एवढाच त्यांनी तिचा विचार केला. पहिली पसंत करून निघायचं आणि घरी पोचेपर्यंत दुसरीवर यायचं, यात पावसाळा गेला. “घाई केली का होरी फसवते,” हे वर ऐकवायचं. तोवर काकीला दारात आलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागू लागला होता.

शेवटी ती स्वतःच उरणला आली. दोन्ही बोटी हाताने चाचपल्या आणि जाऊन त्या फळीवर बसली. म्हणाली, हीच. काकांनी कारण विचारलं.

“जलमभर तुमची पाठच बगली. होरीन चढलाव का पाठ. हितं बसले तं तोंड दिसंल.”

काका बराच वेळ वाकून यंत्र तपासत राहिले. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं.

घारापुरीच्या पहिल्याच खेपेत, जन्म खाडीत काढलेल्या या तांडेलाने बोट ओहोटीच्या चिखलात रुतवली. भरती येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून होती. गाव पोट धरून हसलं. सुकाण धरल्यावर बघत कुठे होता, असं लोक विचारत. समोरच बघत होतो, असं काका शांतपणे सांगत. मला ती दोघं तेव्हा फार आवडली. पुढच्या खेपेला घारापुरी झाली. काकीला डोंगराचा नुसता आकार दिसला, तेवढ्यावर ती खूश होती.

काही वर्षांनी काकी गेली. काकांनी बोट विकली नाही. ते एकटेच ती काढत. एकदा धक्क्यावर मी थट्टेने विचारलं, अजून रुतते का?

“नाय,” ते दोर बांधत म्हणाले. “आता समोर कोन नाय. होरी सरल जाते.”