लागलं तर हात वर

माझे बाबा फौजेतून पेन्शनवर आले आणि आमच्या रिठद गावच्या पोरांना कबड्डी शिकवायला लागले. गाव त्यांना फौज्या म्हणायचं. गुडघा फौजेतच अधू झालेला. कशानं, ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं की दर वेळी नवी गोष्ट. एकदा अस्वल, एकदा खिचडी करपवणाऱ्या आचाऱ्याशी झालेली मारामारी. मोठा थापाड्या माणूस. पोरं हसून लोळायची आणि प्रश्न विसरून जायची.

एका गोष्टीत मात्र थट्टा चालत नसे. चढाईवाल्याचा हात-पाय लागला, की आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. "पंचाले दिसो का न दिसो," ते म्हणत, "तुले तं समजलं ना?"

मी नववीत असताना रिसोडला सामना होता. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं पुढे. चढाईवाल्याच्या पायाचा अंगठा माझ्या घोट्याला लागून गेला. पंचाला दिसलं नाही. तो पोरगा बिचारा "लागलं, लागलं" म्हणत राहिला.

बाबांनी रेषेबाहेरून विचारलं, "लागलं का रे?"

मी मान हलवली. नाही.

"नाही म्हणते ना पोरगं. मंग नाही," ते पंचाला म्हणाले. आणि त्या अधू गुडघ्यानं मला खांद्यावर घेऊन त्यांनी मैदानाला चक्कर मारली.

पुढं वीस-बावीस वर्षं हा किस्सा ते सांगत राहिले. त्यांच्या सगळ्या गोष्टी बदलायच्या, ही एक कधी बदलली नाही. नवी पोरं आली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "पंच चुकन, पण हा खोटं बोलणार नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. राग यायचा, त्यांचा नाही, माझाच. आज सांगू, उद्या सांगू करता करता दवाखाना आला. तिथंही ते नर्सबाईला गुडघ्याची नवी गोष्ट ऐकवत होते आणि मी खाटेजवळ मुका बसून होतो. चौथ्या दिवशी ते गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. तास उलटला तरी कावळे बाभळीवरच. जीव कशात तरी अडकला, असं बायका म्हणायला लागल्या. काकांनी हात जोडले. "तुह्या पोरायची टीम बंद पडू देत नाही." कावळा हलला नाही. आत्यानं माझ्या पोरीच्या शिक्षणाची हमी दिली. तरी नाही.

कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. मुंडण केलेला मी पुढं, मागं बाबांच्या हाताखाली खेळलेले सगळे, जुने आणि नवे. आता बोलतोच, असं ठरवलं.

तेवढ्यात मंगरूळपीरहून आलेला त्यांचा फौजेतला दोस्त खाकरला. "अबे, तुही कपाटातली रम वाया जाऊ देत नाही आमी. बेफिकीर जाय."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला. लोक रडता रडता हसले. जाता जाताही थट्टाच केली फौज्यानं, कोणीतरी म्हणालं. माणसं उठून चपला शोधू लागली.

सुटलो, असं वाटलं मला. खरंच वाटलं. कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारणारा राहिलाही नव्हता. रिसोडच्या मैदानावरही मला अगदी असंच हलकं वाटलं होतं.

मी हात वर केला.

"काय झालं रे?" काका म्हणाले.

"लागलं होतं," मी म्हणालो. "रिसोडले. शेवटच्या चढाईत मले लागलं होतं."

जुने खेळाडू जागच्या जागी थांबले. मी त्यांच्यातून बाहेर निघालो आणि बाजूला जाऊन उभा राहिलो.