एक उन्हाळा पत्र्यावर

माझ्या अंगाला वास येतो, हे मला पहिल्यांदा सासूबाईंनी सांगितलं. ‘‘रंगाच्या डब्यागत येतो, पण जरा गोडुस,’’ असं म्हणून त्यांनी न्हाणीत माझ्यासाठी वेगळा साबण ठेवला. मला राग यायला हवा होता. मी रागीटच आहे, सांगलीच्या माहेरी विचारा. पण आला नाही, कारण त्यांचं नाक अगदी बरोबर होतं. आमच्या कारखान्यात ड्रम उघडला की तोच वास येतो.

हा कारखाना कराडजवळ आहे आणि आमचं घर कडेगाव तालुक्यात, उसाच्या फडांमध्ये. नवरा सैन्यात, म्हणून घरात आम्ही तिघंच: मी, आई म्हणजे सासूबाई, आणि आबा म्हणजे सासरे. रोज सकाळी मी स्कूटीवर उसाच्या गाड्या चुकवत कामाला जाते. गावात कुणी विचारलं की सूनबाई काय करती, तर आई सांगतात, ‘‘पाणी गाळती.’’ इतकं थोडक्यात आणि इतकं खरं मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आम्ही मोनोमर शुद्ध करतो. मोनोमर म्हणजे सुटा रेणू. असे असंख्य सुटे रेणू एकमेकांचे हात धरून रांगेत उभे राहिले की त्याचं पॉलिमर होतं, म्हणजे आपल्या भाषेत प्लॅस्टिक. आमचा माल दिसतो पाण्यासारखा. रंगवाले आणि चिकटपट्टीवाले तो आला तसा वापरतात. आम्ही तो डोळ्याच्या लायकीचा करतो, कारण पुढे त्याची भिंगं होतात, मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची.

करायचं एवढंच, की आधी माल पाण्यात मिसळून धुवायचा, मग पाणी काढून टाकायचं, आणि आतली हवा ओढून घेतलेल्या एका उंच नळकांड्यातून कमी उष्णतेवर त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करायची. पण हा माल स्वभावाने उतावळा. जरा जास्त ऊब लागली की त्याचे रेणू तिथेच हात धरायला लागतात आणि नळकांड्यातच दगड होऊन बसतात. आमच्याकडे त्याला ‘माल लागला’ म्हणतात, दूध पातेल्याला लागतं तसं. फरक इतकाच, की पातेलं घासता येतं आणि नळकांडं छिन्नीने फोडून मोकळं करावं लागतं. म्हणून मालात आधीच चिमूटभर गुंगीचं औषध घालून ठेवतात, आणि तरीही मी दिवसभर तापमानाच्या आकड्यावरून नजर हलवत नाही.

मालात मूळचीच एक खोडही असते. काही थोडे रेणू पुढच्यामागच्याला धरून गप्प राहत नाहीत, शेजारच्या रांगेलाही धरतात. ते जास्त झाले की भिंग कडक आणि ठिसूळ होतं. पाण्याच्या धुण्यात आम्ही त्यांनाच बाहेर काढतो. प्रत्येक घाणा उतरला की त्यातला थोडा माल साच्यात ओतायचा, थोडं विरजण लावायचं, भट्टीत ठेवायचा. आमच्याकडे सगळे विरजणच म्हणतात, पुस्तकातलं नाव कुणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी चकती मिळते. ती यंत्रात घालून तिच्यात पिवळेपणा किती, ते बघायचं. पिवळेपणा हा माझा शत्रू आहे. त्याच्यावर मी खूप चिडते आणि तो खूप खूश ठेवतो मला, कारण यंत्रावर तो शून्याला टेकला की त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत येते.

आणि अशा माझ्या घरात मोतीबिंदू निघाला तो आबांना.

आबा सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. पलटणीत त्यांच्या निशाण्याचं नाव होतं, आणि ते नाव त्यांना अजून पुरत होतं. आधी ते म्हणाले, ट्रॅक्टरचा क्लच बिघडलाय, म्हणून चालवत नाही. मग म्हणाले, पेपरवाले हल्ली शाई कमी वापरतात. शेवटी मी त्यांना कराडला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा पिकत चाललेला. ‘‘फार लांबवू नका. जास्त पिकला तर काढणं अवघड जाईल, आणि मग किती दिसेल ते मी सांगू शकणार नाही,’’ डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नकार दिला.

‘‘डोळ्यात प्लॅस्टिक घालून घेणार न्हाई मी.’’

‘‘का?’’

‘‘ठिबकची नळी बगितलीस का? दोन उन्हाळ्यात तडकती. डोळ्यात तडकली मंजी?’’

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी म्हटलं, आबा, प्लॅस्टिक सगळं सारखं नसतं. मी त्यांना सुटे रेणू सांगितले, रांगा सांगितल्या, दुसऱ्या रांगेला धरणारे खोडकर आम्ही कसे बाहेर काढतो ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग मी विरजणावर आले. दुधाचं दही लागतं, तसा हा पातळ माल घट्ट होतो.

‘‘दही नासतं,’’ आबा म्हणाले.

त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोलले नाही.

त्याच सुमारास घरात दुसरी एक कटकट सुरू झाली होती. आबांची टोपी. त्यांना टोपी पांढरीशुभ्र लागते, आणि दिवाळी झाल्यापासून ते रोज कुरकुरत होते. ‘‘आगं, ही काय धुतलीस? पिवळी दिसतीया.’’ आई म्हणायच्या, ‘‘आवं, बगळ्यागत हाय की.’’ मग आबांचा आवाज चढायचा. वाद नको म्हणून आई धुण्यात नीळ जरा जास्त घालू लागल्या. तरी पिवळीच. आणखी नीळ. शेवटी एक दिवस आबा टोपी हातात घेऊन म्हणाले, ‘‘हां, आता कशी झाली!’’ आणि घरात शांतता झाली. ती टोपी तोवर अगदी आभाळागत निळी झाली होती. मी आईंकडे पाहिलं, त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. ‘‘आता भांडत न्हाईत, तर राहू दे की गं,’’ त्या मागे चुलीपाशी म्हणाल्या. पुढे एका लग्नात कुणा पाहुण्याने आबांना विचारलं, ही टोपी कुठे मिळते. आबा खुशीत म्हणाले, घरची धुलाई हाय. आई आणि मी पदर तोंडात धरून मांडवाच्या मागे गेलो.

आपल्याकडे म्हाताऱ्यांचे हट्ट असतातच, असं मी धरून चालले. दिवसभर पिवळेपणा मोजणारी मी. आता हसू येतं.

आबांचा नकार मात्र टोपीसारखा मिटत नव्हता, आणि मला झोप येत नव्हती. उजव्या डोळ्याने त्यांना आता माणूस दिसायचा, पण कोण ते आवाजावरून कळायचं. शेवटी एका संध्याकाळी मी पर्समधून एक चकती काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्याच आठवड्याच्या घाण्याची, यंत्रात पास झालेली.

‘‘हे बघा. ह्याचंच भिंग करतात.’’

त्यांनी ती बोटांनी चाचपली, दातांखाली धरली, खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर गोठ्याच्या पत्र्यावर जाळीचा एक तुकडा तारेने बांधलेला. त्यात माझी चकती, आणि शेजारी नव्या ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा. कावळ्यांनी उचलू नये म्हणून जाळी. आबा नवं काहीही आधी पत्र्यावर टाकतात: दोरखंड, रंगाची फळी, एकदा तर आईंनी आणलेली चटईसुद्धा.

‘‘एक उन्हाळा राहू दे पत्र्याव,’’ ते म्हणाले. ‘‘टिकली, तर बगू.’’

‘‘आबा, तोवर डोळा जाईल!’’ मी ओरडले. खरंच ओरडले, सुनेने ओरडू नये तशी.

‘‘डोळा माजा हाय,’’ ते म्हणाले, आणि विषय संपला.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. इतकं ऊन पडो अशी प्रार्थना मी कधी केली नव्हती, आणि इतकं पडू नये अशीही. संध्याकाळी घरी आले की आधी पत्र्याकडे बघायची. माझ्या धंद्याचं ज्ञान मला सांगत होतं की चकतीला काही होत नाही. पण पत्र्यावर यंत्र नसतं, आणि परीक्षक माझा सासरा होता.

ऊन उतरणीला लागलं तसं एके सकाळी आबांनी शिडी लावायला सांगितली. मी चढले, तार सोडली, दोन्ही वस्तू खाली आणल्या. अंगणात बाजेवर आबा बसले होते, मी त्यांच्यासमोर. आधी नळी. त्यांनी ती वाकवली. तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या, कडेला तर वाकवताच तुकडा निघाला. ‘‘पहिल्याच उन्हाळ्यात,’’ आबा समाधानाने म्हणाले. मग चकती. मी ती साबणाने धुतली, पदराने पुसली. धुळीने थोडे ओरखडे आले होते, बाकी ती तशीच होती, स्वच्छ. आबांनी ती वाकवून पाहिली, दगडावर टाकून पाहिली. तडकली नाही. मग डाव्या डोळ्यासमोर धरून आभाळाकडे पाहिलं.

‘‘पिवळी पडलीया,’’ ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. उलट ते हिरमुसले होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की चकती पास व्हावी असं त्यांनाही वाटत होतं.

‘‘नाही पडली, आबा. काचेसारखी आहे.’’

‘‘मला दिसतंय की.’’

मी तावातावाने घरात गेले आणि पर्समधली दुसरी चकती घेऊन आले. ती कालचीच होती, पिशवीतून बाहेरही न काढलेली. ‘‘ही बघा. हिने ऊन पाहिलेलं नाही.’’

त्यांनी पाहिलं. ‘‘ही बी पिवळीच.’’

‘‘आमचा माल आणि पिवळा?’’ मी उसळले. सगळं सहन करेन, पण हे नाही. आता काय दाखवावं मला कळेना. शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी काचेचा पेला आणला, पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर धरला. ‘‘आणि हे?’’

आबांनी पेला आभाळाकडे धरला. बराच वेळ धरला. मग उजवा डोळा मिटून बघितलं, डावा मिटून बघितलं. पेला बाजेवर ठेवला. मला वाटलं आता ते माझ्यावर रागावणार.

‘‘पोरी,’’ ते हळू म्हणाले, ‘‘रेंजवर सगळ्या गोळ्या एकाच अंगाला जायला लागल्या, तर निशाणात खोट नसती. बंदुकीच्या टोकाची, नेम धरायची माशी सरकलेली असती.’’

त्यांनी जुनी चकती उचलून पुन्हा एकदा बोटांनी चाचपली.

‘‘दवाखान्यात कवा जायाचं?’’

मी तिथेच रडायला लागले. आई आतून पळत आल्या, त्यांना वाटलं भांडण झालं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ते भिंग आमच्याच मालाचं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. पण मी ते आमचंच धरलं आहे, मला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही तिघं गेलो. आबा स्टुलावर बसले होते. पट्टी निघाली, त्यांनी डोळ्याची उघडझाप केली, भिंतीकडे पाहिलं, खिडकीतून झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘बारीक झालीयास.’’ मग सवयीने हात पुढे केला. आईंनी पिशवीतून टोपी काढून दिली.

आबा टोपीकडे बघत राहिले.

‘‘ही कुणाची?’’

‘‘तुमचीच की.’’

‘‘माजी पांढरी हाय.’’

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. दिवाळीपासूनचा सगळा पिवळेपणा, ती नीळ, तो लग्नातला पाहुणा. मी हसू दाबायला तोंडावर हात घेतला. पण आबा हसत नव्हते. ते टोपी उलटीसुलटी करून बघत होते, आणि मग त्यांची नजर आईंच्या हातांवर गेली. नखांच्या कडांना, बोटांच्या चिरांना नीळ बसली होती, रोजच्या धुण्याने मुरलेली.

‘‘ही माज्यापायी?’’

आईंनी हात पदराखाली घेतले. ‘‘जाईल धुतल्याव.’’

आबांनी ते हात पदरातून बाहेर काढले आणि दोन्ही तळहात त्या नव्या डोळ्यासमोर धरून सावकाश पाहिले. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर. आमच्या घरात बाईमाणसाचा हात असा चारचौघांत कुणी धरत नाही. आईंनी लाजून मान खाली घातली, पण हात सोडवून घेतला नाही.

‘‘पिशवीत दुसरी हाय, पांढरी आणलीया,’’ त्या म्हणाल्या.

‘‘राहू दे,’’ म्हणून आबांनी ती निळी टोपीच डोक्यावर घातली, आणि कराडच्या स्टँडवर भर गर्दीत, आईंच्या पुढे न चालता त्यांच्या शेजारून चालत एसटीपर्यंत आले.