केतकीच्या पाठीवरचा बुडबुडा

आधीच सांगून टाकते – या सदरात लिहिणाऱ्यांची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी आहे. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी चहा पिता पिता ते वाचते आणि हसते. लोकांना घाबरवणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे भीती कशी बनवतात ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी बडोद्याची. वडील गणपतीचे साचे करायचे. मी त्यांच्याकडून शिकलेल्या हातानं सिनेमासाठी जखमा, भाजलेली कातडी, सहावं बोट असलं काहीबाही करते. गावाबाहेर छाणीला पत्र्याची शेड आहे, तेच माझं वर्कशॉप. बाबा म्हणायचे, "साचा खोटं बोलत नाही, बोलतो तो कारागीर." कामाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, आणि ऐकायची वेळही फारशी आलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी धवल नावाचा एक तरुण डायरेक्टर आला. त्याची गोष्ट जुळ्या बहिणींची. एकीच्या मनातलं दुसरीच्या अंगावर उगवायला लागतं आणि शेवटी दोघींच्या पाठी एकमेकींना जोडल्या जातात. भूत नाही, मांत्रिक नाही. मला आवडली. भुताला पाठ दाखवून पळता येतं; पाठीतच काही उगवलं तर पळणार कुठे?

त्यानं मुलीही खऱ्या जुळ्या शोधल्या होत्या. केतकी आणि जुई, बडोद्यातल्याच मराठी घरातल्या, नाटकात कामं करणाऱ्या. इतक्या सारख्या की मी केतकीला कानातल्या रिंगांवरून ओळखायचे. केतकी बडबडी. जुई आधी तयार होती, मग अचानक अडून बसली – पाठ उघडी टाकणार नाही, साचाही देणार नाही.

"केतकीचाच घ्या ना मावशी, आम्ही सारख्याच तर आहोत," म्हणाली. मी म्हटलं, असतात एकेकीचे नखरे.

केतकीला स्टुलावर बसवून साचा घेतला. दाताचे डॉक्टर मापाला वापरतात ती पावडर कालवून पाठीवर थापायची, ती रबरासारखी झाली की काढायची आणि आत पीओपी ओतायचा. अंगावरचा तीळसुद्धा उतरतो. पीओपीची पाठ सुरेख निघाली, फक्त डाव्या खांद्याखाली सुपारीएवढा उंचवटा होता. यात नवल काही नाही. साच्यात हवेचा बुडबुडा अडकला की तिथे खळगा पडतो, आणि पीओपी ओतला की त्याच खळग्याचा फोड होतो. पॉलिश पेपर घेतला, घासून साफ केला.

मग धवलला पाठ वाकलेली हवी झाली. पुन्हा साचा. या वेळी मी एकेक थर बोटांनी दाबून बसवला, बुडबुड्याची काय बिशाद! पीओपी सुकला, साचा उघडला... तोच उंचवटा, त्याच जागी. केतकीच्या पाठीवरून हात फिरवला – गुळगुळीत. मी चिडलेच. मी पॉलिश पेपर उचलला तर धवल मध्ये पडला.

"रेवा दो ने बेन! असली लागे छे."

खरा वाटतो म्हणे. राहू दिला. त्याच पाठीवरून अंगाला चिकटवायचा सिलिकॉनचा पातळ पीस तयार केला.

ट्रायलच्या दिवशी दुपारी तो केतकीला लावला, तर बसेना. बुडबुड्याच्या जागी खाली पोकळी राहायची आणि श्वास घेतला की पीस पुरीसारखा फुगून वर यायचा. गम लाव, काढ, पुन्हा लाव... मी घामाघूम. तेवढ्यात जुई बहिणीला न्यायला आली.

"जुई, पाच मिनिटं. धवलला बाहेर पाठवते, पडदा लावते. माझं कुठे चुकतंय एवढंच बघू दे मला."

तिला नाही म्हणायला मी सवडच दिली नाही. माझा आवाजच तसा आहे.

पडद्याआड तिनं दिवा लावू दिला नाही, तशीच पाठ केली. मी अंधारात चाचपडत पीस टेकवला आणि तो बसला. गम नाही, काही नाही – या कडेपासून त्या कडेपर्यंत. उंचवट्यावर बोट ठेवलं तर खाली पोकळ नव्हतं, टणक होतं. पीस काढला आणि दिवा लावला. डाव्या खांद्याखाली सुपारीएवढी गाठ.

मी काही बोलायच्या आत जुई रडायला लागली. "मावशी, बाबांना सांगू नका. आईचंही असंच सुरू झालं होतं."

आई गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, हे मला केतकीनं पूर्वीच सांगितलं होतं. केतकी पडदा सारून आत आली, तिनं गाठ पाहिली. एका खोलीत झोपणाऱ्या बहिणी, आणि हिला पत्ता नाही.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," जुई म्हणाली.

शूटिंग गेलं खड्ड्यात. दुसऱ्याच दिवशी मी दोघींना आणि त्यांच्या बाबांना सयाजीगंजातल्या एका सर्जनकडे नेलं. गाठ वाईटच निघाली, पण खोल गेली नव्हती. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "कुणाच्या लक्षात आलं?" काय सांगणार? की हिची गाठ हिच्या बहिणीच्या साच्यात दिसली? म्हटलं, "मापात फरक पडत होता."

जुई आता ठणठणीत आहे. सिनेमाही उशिरा का होईना, पुरा झाला. ऐकणारे म्हणतात, योगायोग. एकदा असेल हो. पण दोनदा, त्याच जागी, त्याच मापाचा? साच्याला जे टेकतं तेच त्यात उतरतं, आणि केतकीच्या पाठीवर काही नव्हतं हे मी या हातांनी पाहिलंय. यापुढे माझी अक्कल चालत नाही. आणि असं मी सहसा कबूल करत नाही.

दिवाळीआधी दोघी छाणीला येतात. डॉक्टरांकडची तपासणी चुकवत नाहीत, पण माझ्याकडे साचा द्यायलाही येतात. केतकीचा साचा जुईसाठी, जुईचा केतकीसाठी. सेवउसळ बांधून आणतात, धवलच्या नकला करून मला हसवतात. पीओपी सुकायला लागला की मात्र दोघी स्टुलं ओढून साच्याजवळ येऊन बसतात. यंदा दोन्ही पाठी साफ निघाल्या.

पॉलिश पेपर साच्याच्या दिवशी मी कपाटात कुलूप लावून ठेवते, आणि किल्ली केतकीकडे देते.