डॉक्टर ओरडले नाहीत

“मरायचं तर सांगोल्यातच मर की! या नव्या पेठेत सायकल लावायला जागा नाही, तुझी तिरडी कुठं ठेवू?”

हा आमचा डॉक्टरमित्र. इतक्या मायेनं शिव्या घालणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा जन्मला नाही. तो ओरडला की शेजारच्या कापडदुकानातली ठाणं आपोआप गुंडाळली जातात. पेशंटही तसलेच. शिव्या कमी पडल्या तर पायऱ्या उतरताना कुरकुरतात, आज डाक्टरांनी नीट तपासलं न्हाय.

त्या दिवशी समोर होता सांगोल्याचा मेंढरंवाला बिरूमामा. मेंढरं पोरांत वाटून टाकून, जीपभर नातेवाईक घेऊन डॉक्टरला शेवटचं भेटायला आला होता. कारण मोबाइलवरचा निरोप : ‘आदरणीय बिरूमामा, आपली साखर किंचित वाढली आहे. काळजी करू नका. आम्ही सदैव आपल्यासोबत आहोत.’ खाली आमच्या मित्राचं नाव. बापाच्या जिभेला कंटाळून त्याच्या डॉक्टर लेकीनं दवाखान्यात एआय बसवलं होतं. ते रिपोर्ट वाचायचं आणि बापाच्या नावानं असं मधाळ लिहून धाडायचं.

“यात घाबरण्यासारखं काय आहे, मामा?” तिनं विचारलं.

“ताई, तुमच्या वडलांनी ‘काळजी करू नका’ एकदाच म्हनल्यालं. आमच्या मंडळीला. त्याच आठवड्यात गेली ती.”

डॉक्टरनं मोबाइल हातात घेऊन निरोप वाचला. म्हणाला, हे मी लिहिलेलं नाही.

“खाली नाव तुमचंच हाय की.”

 डॉक्टरनं हळूच मामाचा हात धरला. “चुकलं माझं, बिरू.”

मामा पांढराफटक पडला. “म्हंजे खरंच काय तरी हाय, व्हय?”

मग मात्र डॉक्टरनं मामाच्या गुळाच्या चहापासून त्याच्या बोकडापर्यंत सगळ्यांचा असा उद्धार केला की मामाच्या गालावर रंग चढला. पोरांकडनं मेंढरं परत मागायला तो उड्या मारतच जीपमध्ये चढला.

लेक हिरमुसून म्हणाली, निरोपात एक शब्द खोटा नव्हता. बाप म्हणाला, नाव खोटं होतं. आता प्रत्येक निरोप आधी तो वाचतो, आणि यंत्रानं लिहिलंय हे खाली स्पष्ट छापलेलं असतं.

संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर मी त्याला विचारलं, मामाच्या बायकोवर तेव्हा का ओरडला नाहीस?

त्यानं चष्मा काढून पुसला.

“ओरडून घ्यायला लावावं असं औषधच उरलं नव्हतं,” म्हणाला.